मिहान ते मेम्फिस

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कशी काय आहे हो अमेरिका?" विचारणारा भला गृहस्थ असतो, आणि उत्तर चहाच्या एका कपात संपावे एवढीच त्याची अपेक्षा असते. आता जो देश आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट आहे, ज्याच्या पूर्व किनाऱ्यावरची माणसे रात्रीची जेवणे उरकत असतात तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या कचेऱ्या नुकत्या कुठे सुटत असतात, त्या देशाचे वर्णन एका कपात मावायचे कसे? मी १९८८ पासून पाच वेळा त्या देशाला जाऊन आलो. प्रत्येक खेपेला तो मला निराळा दिसला. आणि खरे सांगायचे तर प्रत्येक खेपेला मीही थोडा निराळा होऊनच तिथे उतरलो होतो.

परदेश पाहताना ज्याचे त्याचे माप त्याच्याजवळ असते. व्यापारी दुकाने पाहतो, गृहिणी स्वयंपाकघरे पाहते, डॉक्टर इस्पितळे पाहतो. मी पडलो नागपूरकर, आणि त्यात भूगोलाचा मास्तर! नागपूरकराला दोन गोष्टींचा अभिमान असतो: एक आपले ऊन, आणि दुसरे आपले मध्यावर असणे. गावात पाहुणा आला की आम्ही त्याला संत्र्याची बर्फी खायला घालतो आणि झीरो माइलचा दगडी खांब दाखवायला नेतो. खांबाशेजारी चार घोडे आहेत. 'इथून सगळा हिंदुस्थान सारखाच लांब,' असे आम्ही त्याला सांगतो. पाहुणा मान डोलावतो. भूगोलाच्या काटेकोर हिशेबात हा मध्यबिंदू थोडाफार इकडे तिकडे सरकतो, पण पाहुण्यासमोर तो सरकवण्याइतका कोणीही नागपूरकर कोरडा नाही.

आमच्या घरात ह्या अभिमानाला आणखी एक कारण होते. आमचे बाबा टपाल खात्यात सॉर्टर होते, आणि त्यांच्या उमेदीची कित्येक वर्षे सोनेगावच्या विमानतळावर, रात्रीच्या हवाई टपालावर गेली. हे रात्रीचे हवाई टपाल म्हणजे काय होते ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, ही योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास ह्या चार शहरांतून रोज रात्री टपालाच्या थैल्या घेऊन एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास उतरत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि विमाने आपापल्या गावी पहाटेपूर्वी परत जात. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला हातात पडे. बाबा रात्री दहाला सायकलला डबा अडकवून निघत आणि उजाडताना परत येत. आम्ही मुले अंथरुणात पडून विमानांचे आवाज मोजत असू. एक, दोन, तीन. चौथे आले की झोप लागे.

तेव्हा परक्या देशात गेल्यावर 'ह्याचा मध्य कुठे?' असा प्रश्न मला पडला, तर त्यात नवल ते काय!

पहिल्या खेपेला मी दादाकडे गेलो. दादा माझा थोरला भाऊ. इंजिनिअर झाला आणि १९७० साली 'पाच वर्षांत येतो' असे आईला सांगून अमेरिकेला गेला. अमेरिकेने १९६५ साली आपला परदेशस्थांविषयीचा जुना कायदा बदलला होता, आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ लागले होते, त्या पहिल्या लाटेतला तो. तो राहात होता कॅन्सास राज्यातल्या विचिटा गावी. न्यूयॉर्क, शिकागो ही नावे आपल्या कानांवरची. विचिटा म्हटले की नागपुरात लोक मला दोनदा विचारीत. पण ते गाव विमानांचे आहे. सेसना, बीचक्राफ्ट ह्या विमानांचे कारखाने तिथले, आणि बोइंगचाही मोठा कारखाना तिथे होता. गावाबाहेर पडले की गहू. डावीकडे गहू, उजवीकडे गहू, आणि मध्ये पट्टीने आखल्यासारखा रस्ता. वाराही असा की डोक्यावरची टोपी हातात धरूनच चालावे.

दादाने मला पहिल्याच रविवारी विचारले, "काय पाहायचंय तुला? डिस्नेलँड लांब आहे."

मी म्हटले, "देशाचा मध्य दाखव."

दादा खूप हसला. पण वहिनींनी पोळीभाजीचा डबा भरून दिला आणि आम्ही दोघे भाऊ मोटारीने उत्तरेकडे निघालो. साडेतीन तासांवर लेबनन नावाचे खेडे आहे. १९१८ साली अमेरिकेच्या सर्वेक्षण खात्याने देशाचा मध्य कसा काढला ते ऐकून मला मोठी मौज वाटली. त्यांनी देशाचा नकाशा पुठ्ठ्यावर कापला आणि तो पुठ्ठा एका टोकावर तोलून धरला. जिथे तो तोलला तो मध्य! हा प्रयोग मी पुढे वर्गात कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या नकाशावर करून दाखवला, आणि मुले कधी कंटाळली नाहीत.

लेबननच्या त्या जागी काय होते? दगडांचा एक चौथरा, त्यावर झेंड्याची काठी, जवळ पाचसहा माणसे बसतील एवढे लाकडी प्रार्थनाघर, आणि चहूकडे वारा. गंमत अशी की खरा बिंदू तिथे नाहीच. तो जवळच्या एका शेतात येतो. शेतमालकाला आपल्या वावरात प्रवासी नको होते, म्हणून चौथरा जरा बाजूला बांधला. कोणीतरी हौसेने तिथे एक मोटेलही काढले होते. ते चालले नाही. त्यावर आणखी वाईट म्हणजे १९५९ साली अलास्का आणि हवाई ही राज्ये संघात आली, आणि साऱ्या देशाचा मध्य एकदम उचलून साउथ डकोटात जाऊन पडला. लेबननकडे राहिला तो 'लगतच्या अठ्ठेचाळीस राज्यांचा मध्य.'

आम्ही चौथऱ्यावर बसून डबा खाल्ला. दादाने खिशातून संत्रे काढले आणि चाकूने कापले. म्हणाला, "इकडचं संत्रं सोलता येत नाही बघ. साल चिकटून असते. आपलं कसं, नख लावलं की मोकळं." मग तो बराच वेळ गप्प होता. 'पाच वर्षांत येतो' ह्याला तेव्हा अठरा वर्षे झाली होती, आणि मी ते विचारायला गेलो नव्हतो.

दुसरी खेप १९९९ ची. दादाची मुलगी न्यूयॉर्कात शिकत होती, तिच्यासाठी म्हणून वहिनींबरोबर गेलो. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींविषयी मराठीत इतके लिहून झाले आहे की त्यांत माझी एक वीट नको. मी पाहायला गेलो ते कोलंबिया विद्यापीठ. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर तिथे आले आणि १९१६ पर्यंत राहिले. १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. आजूबाजूला मुले माना खाली घालून वाचीत होती. ज्याने १९५६ साली आमच्या नागपुरात, दीक्षाभूमीवर, लाखो माणसांना नवा धर्म दिला, तो माणूस विशी उलटून थोडी वर्षे झालेली असताना इथे असाच मान खाली घालून वाचीत असेल, हे मनात आले आणि मी थोडा वेळ तिथेच एक खुर्ची ओढून बसलो. मध्य कुठे आहे हे पाहण्याआधी, मध्याशी कोणाला येऊ देतात हे पाहिले पाहिजे, असे काहीसे मला त्या दिवशी वाटले. तेव्हा ते नीट शब्दांत आले नव्हते. शब्द सापडले ते पुढच्या खेपेला, मेम्फिसला.

मेम्फिसला जाण्याचे कारण मात्र नागपुरात घडले. ते सांगतो.

मिहान हे नाव ऐकले की परगावच्या माणसाला वाटते, एखादी नदी असेल किंवा ग्रामदेवता. ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत: मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. सोप्या मराठीत सांगायचे तर, नागपूर मध्यावर आहे, तेव्हा देशोदेशींचा माल विमानाने इथे उतरावा, इथे त्याची वाटणी व्हावी आणि इथून तो चहूकडे जावा. आणि भोवती कारखाने, कचेऱ्या, वस्ती उभी राहावी. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि ह्या कामाला हात लागला. चार हजार हेक्टरांहून अधिक जमिनीची योजना! ही जमीन कुठली? खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ह्या गावांची. काळीभोर जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, कुठे कुठे संत्र्याची बाग. त्यांत माझ्या मामांचे वावरही होते.

मामा तेव्हा हयात नव्हते. मामेभाऊ सगळे पाहात असे. मोबदल्यासाठी त्याने कोणकोणत्या कचेऱ्यांचे जिने किती वेळा चढले आणि उतरले ते इथे सांगत बसत नाही. ज्यांच्या जमिनी कधी कशात गेल्या असतील त्यांना ते सांगायला नको, आणि इतरांना ते खरे वाटणार नाही. २००७ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा अमेरिकेस निघालो. पुतणीचे लग्न होऊन ती मेम्फिसला राहायला गेली होती. निघायच्या आदल्या दिवशी मामेभाऊ घरी आला. पाणी प्यायला, आणि म्हणाला,

"भाऊ, तू तं तिकडं जाऊनच राहिला. मंग एक पाहून येजो. विमानानं माल आणते, मधात उतरवते, आन् वाटून देते म्हनते. तसं कुठी खरंच होते का? आन् होत असन, तं ज्याचं वावर गेलं त्याच्या पोराले तिथं काम भेटते का?"

त्याला कोणी सांगितले होते की असे एक गाव अमेरिकेत आहे आणि त्याचे नाव मेम्फिस. नागपुरात त्या दिवसांत हे नाव भाषणांत अधूनमधून येई. आजवर अमेरिकेतून लोकांनी मला घड्याळे, औषधे, चॉकलेटे आणायला सांगितली होती. उत्तर आणायला सांगणारा हा पहिलाच.

मेम्फिस हे मिसिसिपी नदीच्या काठचे जुने गाव, कापसाचे गाव. विदर्भातल्या माणसाला ते ऐकूनच जवळचे वाटते. रात्री जेवणे झाल्यावर पुतणी म्हणाली, "काका, बाहेर या, तुम्हांला गंमत दाखवते." साडेदहा वाजून गेले होते. अंगणात उभे राहून वर पाहिले तर आभाळात दिव्यांची एक माळ लागली होती. एक दिवा खाली येई, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, दूरवर क्षितिजापर्यंत. ती सगळी विमाने होती. रोज रात्री शंभराहून अधिक विमाने देशभरातून तिथे उतरतात. मोजायचा लहानपणचा नाद अजून होता. मी मोजू लागलो आणि तिसाच्या पुढे मान दुखू लागली.

ही सारी करामत फेडेक्स ह्या कंपनीची. फ्रेडरिक स्मिथ नावाच्या तरुणाने ती काढली. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री तिच्या कामाला सुरुवात झाली: चौदा लहान विमाने, पंचवीस शहरे आणि एकूण एकशे शहाऐंशी पुडकी. पुडके कुठले का असेना आणि कुठे का जायचे असेना, ते आधी मेम्फिसला यायचे. मध्यरात्री वाटणी व्हायची आणि पहाटे विमाने परत. शेजारच्या गावाला जाणारे पुडकेदेखील आधी मेम्फिसला! हे ऐकताना वेडेपणा वाटतो, पण भूगोलाच्या मास्तराने कागदपेन्सिल घेतली की उलगडते. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा वाटा लागतात. मध्य धरला तर चार पुरतात. फार फरक नाही. पण पंचवीस शहरे थेट जोडायची तर वाटा लागतात तीनशे; मध्य धरला तर फक्त पंचवीस.

मी ते गणित मांडले आणि कागदाकडे पाहातच राहिलो. चार शहरे, मध्ये एक गाव, मध्यरात्रीची अदलाबदल, पहाटे परत. हे तर आमच्या बाबांचे काम! सोनेगावला ते १९४९ साली सुरू झाले, मेम्फिसच्या चोवीस वर्षे आधी. आणि सत्तरच्या दशकात, तिकडे मेम्फिसला दिव्यांची माळ लागत होती त्याच सुमारास, इकडे सोनेगावची रात्रीची विमाने बंद झाली. स्मिथला नागपूर ठाऊक होते असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की एकच कल्पना दोन गावांना सुचली. एका गावाने ती वाढवली आणि दुसऱ्याने तिचा खांब राखला.

मेम्फिस नकाशाच्या मध्यावर नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. मध्यावर लेबनन आहे, आणि तिथे वारा आहे. स्मिथची कंपनी आधी लिटल रॉक गावी होती; तिथे सोय झाली नाही म्हणून ती मेम्फिसला आली. मेम्फिसची हवा अशी की विमानतळ क्वचितच बंद पडतो, आणि तिथल्या विमानतळाने कंपनीला जागा करून दिली. १९९३ पासून २००९ पर्यंत जगात सर्वांत अधिक माल हाताळणारा विमानतळ तोच होता. मध्य हा असा मिळवावा लागतो.

पण मामेभावाचा प्रश्न दोन तोंडांचा होता. पहिल्या तोंडाचे उत्तर आभाळात दिसले. दुसऱ्याचे जमिनीवर शोधायचे होते.

पुतणीच्या शेजारी एक काळा तरुण राहात असे. दिवसा कॉलेजात जाई आणि रात्री त्या वाटणीच्या कामावर. त्याला मी विचारले. तो म्हणाला, काम रात्री चारपाच तासांचे. पेट्या उचलायच्या, पट्ट्यावर ठेवायच्या, विमानात भरायच्या. पाठ दुखते. पण फी निघते. असे कितीतरी विद्यार्थी तिथे आहेत. "कायमचं हेच करणार?" असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, "आजोबा, मी हिशेबनीस होणार आहे." पुतणीने मला हेही सांगितले की इतकी विमाने रोज उतरूनसुद्धा मेम्फिस हे अमेरिकेतल्या गरीब मोठ्या शहरांत मोडते. विमानतळाजवळच्या वस्त्यांतून मोटारीने जाताना ते दिसते. पडक्या पडव्या, बंद दुकाने, बसथांब्यावर रात्रपाळीची वाट पाहणारी माणसे. माल येतो आणि जातो. तो ज्या गावातून जातो त्या गावातल्या घरात आपोआप काही ठेवून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोरेन मोटेल पाहायला गेलो. ह्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांना गोळी लागली. आज तिथे संग्रहालय आहे. खोली क्रमांक ३०६, बाहेर कठड्यावर फुलांचे चक्र. किंग मेम्फिसला आले होते कशासाठी? गावच्या सफाई कामगारांसाठी. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, पावसात आडोशाला कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. सगळे काळे. ते गळ्यात पाट्या अडकवून रस्त्याने चालत, आणि पाटीवर लिहिलेले असे, 'मी माणूस आहे.' पगाराचा आकडा नाही, मागण्यांची यादी नाही. एवढेच. किंग मारले गेले, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला नगरपालिकेला कामगारांच्या संघटनेशी करार करावा लागला.

हे किंग १९५९ साली हिंदुस्थानात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख 'अमेरिकेतला एक अस्पृश्य बंधू' अशी करून दिली. किंगना आधी ते खटकले, आणि मग पटले. ही आठवण त्यांनी स्वतः पुढे एका प्रवचनात सांगितली आहे. नागपूरच्या माणसाला ह्यात वेगळे समजावून सांगण्यासारखे काही नाही. कोलंबियात जो विचार मनात अर्धवट आला होता तो मेम्फिसच्या त्या पाट्यांसमोर पुरा झाला. मालाचा मध्य वेगळा आणि माणसाचा मध्य वेगळा. पहिला आखता येतो. दुसरा मागावा लागतो, आणि मागणाऱ्याला तो सहजी मिळत नाही.

परत आल्यावर मामेभावाला मी हे सगळे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. पंचवीस आणि तीनशेचे गणित त्याला माझ्याहून लवकर समजले. बाजार समितीत कापूस विकणाऱ्याला ते ठाऊकच असते. मग म्हणाला, "म्हंजे होते. पन पोराले काम आपोआप भेटत नाही, मांगा लागते. असंच ना?"

"असंच."

"मंग हे तं इथंच मालूम होतं," तो म्हणाला, आणि चहाचा कप खाली ठेवला.

चौथी खेप २०१३ ची, वॉशिंग्टनकडून. तिथे विमानतळाजवळ उड्वार-हेझी केंद्र म्हणून विमानांचे अवाढव्य संग्रहालय आहे. अवकाशयानापासून चिमुकल्या घिरट्या घालणाऱ्या विमानांपर्यंत सगळे एका छपराखाली. तिथे एका बाजूला फेडेक्सचे पहिल्या जमान्यातले एक लहान विमान ठेवले आहे. स्मिथने आपल्या मुलीच्या नावावरून त्याचे नाव ठेवले होते, 'वेंडी.' जवळ जाऊन पाटी वाचली: फाल्कन २०, बांधणारे फ्रान्सचे दसॉ. ते नाव मी तेव्हा वाचले आणि सोडून दिले. पुढे २०१७ च्या ऑक्टोबरात मिहानमध्ये एका कारखान्याची कोनशिला बसली, तेव्हा वर्तमानपत्रात तेच नाव दिसले. दसॉ आणि फाल्कन! तिथे फाल्कन २००० ह्या विमानाच्या नाकाडाचे भाग होऊ लागले. आणि २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमान-प्रदर्शनात जाहीर झाले की हे सबंध विमानच नागपुरात जोडायचे, आणि पहिले २०२८ पर्यंत उडवायचे. ज्या घराण्याच्या विमानांनी मेम्फिसला मध्य केले, त्याच घराण्याचे विमान आता मामांच्या वावराच्या शिवारात तयार होणार. ह्याच महिन्यात स्मिथही गेले.

पाचवी आणि आजवरची शेवटची खेप २०१९ ची. दादाची प्रकृती बरी नव्हती. दिल्लीहून लंडनपर्यंत ७८७ जातीचे विमान होते. ह्या जातीच्या विमानांना पायाखाली ज्या तुळया लागतात, त्या मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात तयार होतात, हे मी कोठेतरी वाचले होते. मी ते मोठ्या अभिमानाने विमानातल्या सेवकाला सांगितले. म्हटले, "ह्या जमिनीखालच्या तुळया आमच्या गावी करतात." त्याने अदबीने ऐकून घेतले, आणि मला पाणी आणून दिले.

विचिटाला पोहोचल्यावर दादाला ते सांगितले तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला. त्याच्या गावच्या त्या बोइंग कारखान्याचा मोठा भाग २००५ साली वेगळा होऊन स्पिरिट नावाने चालू लागला होता, आणि ७८७ चे नाक तिथे होई. "म्हणजे नाक माझ्या गावाचं आणि पाय तुझ्या," दादा म्हणाला. मग विचारले, "झीरो माइलपाशी घोडे आहेत ना रे अजून?" म्हटले, आहेत. "आणि खापरीला काय आहे आता?" म्हटले, खापरीपर्यंत ह्याच मार्चपासून मेट्रो धावते. त्याचा विश्वास बसेना. मोबाईलवर चित्र दाखवले तेव्हा बसला.

दादा २०२१ साली गेला. तेव्हा करोनामुळे जाणे शक्य नव्हते. शेवटचे जे काही पाहायचे ते मोबाईलच्या पडद्यावर पाहिले. तिकडे सकाळ होती, इकडे रात्र. वहिनींनी पुढे एक पुडके पाठवले. त्यात बाबांनी दादाला लिहिलेली सगळी पत्रे होती, निळ्या हवाई पत्रांचा गठ्ठा, तारखेप्रमाणे लावलेला. सॉर्टरचा मुलगा तो! पुडके कुठवर आले आहे ते हल्ली घरबसल्या दिसते. मी रोज पाहात असे. विचिटा. मग मेम्फिस, रात्री एक वाजून काही मिनिटे. मग पॅरिस, मग दिल्ली. आणि दिल्लीहून नागपूर. देशाच्या मध्यावरचे पुडके मध्याला सगळ्यांत शेवटी आले. बाबा असते तर त्यांनी हे खपवून घेतले नसते.

आजचे मिहान पाहायला कोणी आले तर मी त्याला नेतो. कार्गो हब ह्या नावाला साजेशी मालाची रीघ तिथे नाही. योजनेतली दुसरी धावपट्टी लांबत गेली, आणि विमानतळाच्या हस्तांतराचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. पण रिकामे शिवारही नाही. संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. विमाने दुरुस्त करण्याचे प्रचंड हँगर आहेत. बोइंगने ते बांधून २०१५ साली एअर इंडियाच्या हवाली केले. एम्स इस्पितळ आहे, ज्याचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले आणि जिथे चंद्रपूर-गडचिरोलीची माणसे पहाटेपासून रांगेत उभी असतात. माझ्या मते ह्या क्षणी मिहान जर कशाचा मध्य असेल, तर त्या रांगेचा आहे. आणि तो कमी मोलाचा नाही.

मामेभावाचा नातू आयटीआय होऊन गेल्या वर्षी तिथल्या एका कारखान्यात लागला. दसऱ्याला सोने द्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा पोरगा रात्रपाळीला निघाला होता. पाठीवर पिशवी, पिशवीत डबा. मी विचारले, "कायम झालास का रे?" तो म्हणाला, "नाही आजोबा. ठेकेदाराकडंच आहे अजून. आमी सगळ्यायनं मिळून अर्ज देल्ला हाय."

मामेभाऊ गच्चीवर बसला होता. समोर, जिथे त्याचे वावर होते तिकडे, दिवेच दिवे. तो म्हणाला, "भाऊ, पैले तिथं रातच्याले कुत्रं फिरकत नव्हतं. आता उजेडच उजेड." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुह्या त्या मेम्फिसातलं पोट्टं झालं का हिशेबनीस?"

पुतणीला विचारून सांगतो म्हटले. तिने कळवले आहे की झाला. हे उत्तर उद्या खापरीला पोचवायचे आहे, आणि पोरांचा अर्ज कुठवर गेला तेही विचारायचे आहे.